डोंगरउतारावरच्या एक टन द्राक्षांची रेड वाइन: छोट्या वायनरीसाठी तोडणी ते बाटली

डोंगरावरच्या काळ्या द्राक्षाचा मणी सपाटीवरच्या मण्यापेक्षा लहान असतो. साल जाड, बिया तेवढ्याच, रस कमी. रसाच्या मानाने साल आणि बी जास्त, म्हणजे रंग आणि तुरटपणा मण्यात आधीच भरून आलेला. सपाटीवरच्या द्राक्षांतून जमेल तितका रंग काढायची धडपड असते. तीच रीत इथे लावली तर वाइन कडू आणि कोरडी होते. इथे काढायचं कमी आणि थांबायचं वेळेवर. पुढची सगळी मापं याच हिशेबाने दिली आहेत, आणि ती एक टन म्हणजे 1,000 किलो तोडलेल्या द्राक्षांसाठी आहेत. त्यातून दोन बॅरल भरून थोडी वर वाइन उरते. तीन-चार माणसांच्या घराला एका हंगामात झेपतं ते एवढंच.

आधी उतार बघा

उंची वाढली की हवा थंड होते, दर 100 मीटरला साधारण 0.65 अंश सेल्सिअस. बाग 600 मीटर वर असेल तर सरासरी चारेक अंशांचा फरक पडतो. ऊन मात्र वर जास्त कडक. दर 1,000 मीटरला अतिनील किरणं दहाएक टक्क्यांनी वाढतात, आणि सालीत रंग धरायला त्याची मदत होते. दिवसा ऊन, रात्री गारवा असला की साखर भरते पण आम्ल जळून जात नाही. विशेषतः मॅलिक आम्ल टिकून राहतं, त्याचा हिशेब पुढे दुसऱ्या आंबण्याच्या वेळी चुकता करावा लागतो.

डोंगर म्हटला की सगळीकडे सारखाच गारवा, असं मात्र नाही. रात्री थंड हवा जड होऊन उताराने खाली वाहते आणि दरीत साचते, त्यामुळे उताराच्या मधल्या पट्ट्यात रात्री दरीपेक्षा जास्त ऊब असू शकते. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियामधल्या नापा खोऱ्यातल्या हॉवेल माउंटन या द्राक्षक्षेत्राची हद्द 1983 साली ठरली ती 1,400 फुटांच्या वरची, म्हणजे साधारण 427 मीटरच्या वरची. खोऱ्यात साचणारं धुकं बहुधा त्याच्या खालीच राहतं.

मातीचंही तेच. वरच्या कडेला ती पातळ असते, पायथ्याशी वाहून आलेली खोल. वरची झाडं पाण्याला तरसतात, मणी बारीक धरतात. खालची झाडं पानोळ्यात जोर घालतात आणि उशिरा पिकतात. एकाच बागेत अशा तीन बागा असतात, म्हणून वर, मध्ये, खाली असे तीन पट्टे पाडा आणि तिन्हींची नोंद वेगळी ठेवा. तिन्ही एकाच दिवशी तोडली की एकाच टाकीत कच्चं आणि सुकलेलं दोन्ही येतं.

इटलीतल्या आओस्ता खोऱ्यातली सेर्विम ही संस्था डोंगरी द्राक्षशेती ओळखायला 30 टक्क्यांहून जास्त चढ, 500 मीटरहून जास्त उंची (पठारं सोडून) आणि पायऱ्यांची शेती असे निकष लावते. 30 टक्के चढ म्हणजे 30 अंश नव्हे. 100 मीटर आडवं जाताना 30 मीटर वर जाणं, साधारण 17 अंश. एवढ्या चढावर तोडणीचं यंत्र सहसा चालत नाही, सगळं हातानेच. असल्या बागा आणि त्यांच्या वायनऱ्या बहुतेक ठिकाणी घरगुती राहिल्या, त्याचं एक मोठं कारण हे आहे.

तोडणीचा दिवस

प्रत्येक पट्ट्यातून 200 मणी गोळा करा. ओळीच्या टोकाची झाडं सोडा, ओळीच्या दोन्ही बाजूंनी मणी घ्या, घडाच्या वरून, मधून आणि खालून. घडाकडे बघत मणी निवडू नका. बघितलं की हात आपोआप पिकलेल्या मण्याकडे जातो आणि ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं माप, खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. मणी पिशवीत घालून पूर्ण चुरडा, नुसते वरवर पिळू नका. सालीजवळच्या गराचं आम्ल आणि पीएच मधल्या गराहून वेगळं असतं, आणि टाकीत शेवटी सगळंच उतरणार आहे.

ब्रिक्स 24 ते 25, पीएच 3.3 ते 3.5 आणि एकूण आम्ल लीटरला 6 ते 8 ग्रॅम या पट्ट्यात द्राक्षं असावीत. ब्रिक्सला 0.57 ने गुणलं की अल्कोहोलचा अंदाज येतो: 24.5 ला साधारण 14 टक्के. ब्रिक्स 26 च्या वर जाऊ दिला तर शेवटची साखर संपवताना यीस्ट दमतं आणि पुढची अर्धी डोकेदुखी तिथूनच सुरू होते.

आकडे जमले तरी तोंडाचा कौल घ्या. मणी तोंडात टाकून रस गिळा. साल दाढेखाली पंधरा-वीस वेळा चावा आणि लगदा तळहातावर काढून बघा. साल पिकली असेल तर लगदा गडद जांभळा दिसतो, तुरटपणा जिभेवर पसरतो आणि विरतो. कच्ची असेल तर लगदा फिकट, चव गवतासारखी, आणि जीभ टाळूला चिकटून बसते. मग बी बघा. हिरवट बी दाताखाली चेपतं, पिकलेलं तपकिरी बी कटकन फुटतं. डोंगरावर कडक उन्हामुळे साखर बऱ्याचदा बियांच्या पुढे पळते. साखर 25 ला पोचली आणि बिया अजून हिरव्या, अशी वेळ आली तर तोडून मोकळे व्हा, पण त्या द्राक्षांच्या साली रसात आठवड्याहून जास्त ठेवायच्या नाहीत, हे नोंदवहीत त्याच दिवशी लिहून ठेवा.

वायनरीची मांडणी

उतार हा फुकटचा पंप आहे. सिसिलीतल्या एटना डोंगरावर पालमेंतो नावाच्या जुन्या दगडी वास्तू आहेत. वरच्या कट्ट्यावर द्राक्षं तुडवायची, रस चरातून खालच्या कुंडात उतरायचा. आजही हीच मांडणी सगळ्यात चांगली. वरच्या पातळीवर देठ काढायचं यंत्र, त्याच्या खाली टाकी, टाकीच्या खाली साली दाबून वाइन काढायचं प्रेस, आणि सगळ्यात खाली, डोंगरात अर्धवट पुरलेली बॅरलची खोली. साली आणि बिया पंपातून जितक्या कमी जातील तितकं बरं, कारण फुटलेल्या बीचा कडवटपणा नंतर काही केल्या निघत नाही.

एक टनासाठी 1,200 लीटरची एक उघड्या तोंडाची स्टीलची टाकी लागते. देठ वजनाच्या चार-पाच टक्के निघतात आणि उरलेला लगदा 850 ते 900 लीटर भरतो, पण आंबताना साली वर येतात, म्हणून पाव टाकी रिकामी हवीच. शिवाय बास्केट प्रेस, 225 लीटरची दोन बॅरल, उरलेल्या वाइनसाठी 50 आणि 20 लीटरचे स्टीलचे किंवा काचेचे बंद डबे, हायड्रोमीटर (रसात तरंगून घनता आणि ब्रिक्स दाखवणारी काचेची नळी), पीएच मीटर, लांब दांड्याचा थर्मामीटर, आणि ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा तराजू. तराजूवर काटकसर करू नका, पुढची सगळी मापं त्याच्यावर आहेत.

धुण्यासाठी क्लोरीन किंवा ब्लीच वायनरीच्या दारातही आणू नका. क्लोरीन, ओलं लाकूड आणि बुरशी एकत्र आली की टीसीए नावाचा पदार्थ तयार होतो, ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो आणि तो भिंतीत मुरतो. सोडियम परकार्बोनेटने धुवा, मग सायट्रिक आम्लाच्या पाण्याने, मग साध्या पाण्याने.

तोडणीपासून टाकीपर्यंत

पहाटे सुरू करून ऊन चढायच्या आत तोडणी संपवा. क्रेटमध्ये 15 किलोच्या वर भरू नका. उतारावरून हातात क्रेट घेऊन उतरणाऱ्या माणसाची पाठ आणि तळातले मणी, दोन्हींना तेवढंच पेलतं. कुजलेला घड क्रेटमध्ये पडलाच नाही पाहिजे. टेबलावर निवडू म्हटलं तरी तोवर त्याचा रस खाली झिरपलेला असतो.

देठ काढायच्या यंत्राचे रोलर शक्य तितके सैल ठेवा. मणी फुटला पाहिजे, भरडला जाता कामा नये. तीसेक टक्के मणी अख्खे राहिले तरी उत्तम, त्यांच्यातली साखर सावकाश सुटते आणि टाकी एकदम तापत नाही. देठ हिरवे असतील तर एकही टाकीत जाऊ देऊ नका.

आता केएमएस, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, नको त्या जंतूंपासून आणि हवेपासून रस राखणारी पूड. त्याच्या वजनाच्या साधारण 57 टक्के सल्फर डायऑक्साइड मिळतो. एक टनातून 650 लीटर रस धरला आणि लीटरला 40 मिलिग्रॅम हवा असला, तर 26 ग्रॅम सल्फर डायऑक्साइड, म्हणजे 46 ग्रॅम केएमएस. अर्धा लीटर कोमट पाण्यात विरघळवून लगदा टाकीत पडत असताना थोडं थोडं ओता. शेवटी एकदम ओतलं तर वरच्या थरातच राहतं. पाकीट मागच्या हंगामातलं असेल तर फेकून द्या, त्याची ताकद उतरलेली असते.

पीएच 3.65 च्या वर असेल तर लीटरला 1 ग्रॅम टार्टरिक आम्ल, म्हणजे 650 ग्रॅम. त्याने पीएच साधारण 0.1 ने उतरतो. डोंगरी द्राक्षांना बहुधा याची गरज पडत नाही. उलट पीएच 3.2 च्या आत असेल तर दुसरं आंबणं जड जाईल, हे आत्ताच ओळखा.

पहाटेची थंड द्राक्षं असली तर टाकी 8 ते 10 अंशांवर दोन-तीन दिवस तशीच ठेवता येते. रंग पाण्यातही सुटतो, बियांचा तुरटपणा मात्र अल्कोहोल आल्यावर जोराने सुटतो. म्हणून या दिवसांत फुकट रंग मिळतो. तापमान 12 च्या वर जात असेल तर हा लाड नको. जंगली यीस्ट उठतं आणि नेलपॉलिशचा वास धरतो.

यीस्ट आणि त्याचा खुराक

लगद्याच्या 900 लीटरला 225 ग्रॅम कोरडं यीस्ट लागतं. ते त्याच्या दहापट, म्हणजे सव्वादोन लीटर, 38 ते 40 अंशांच्या पाण्यात शिंपडा आणि वीस मिनिटं राहू द्या. मग टाकीतला रस वाटी-वाटीने त्यात घालत मिश्रण हळूहळू गार करा. यीस्टचं पाणी आणि टाकी यांच्यात 10 अंशांहून जास्त फरक असताना ओतलं तर अर्धं यीस्ट धक्क्यानेच मरतं. थंड डोंगरी लगद्यात हीच चूक सर्वाधिक होते. टाकी आधी 18 अंशांपर्यंत येऊ द्या.

पातळ, दगडी मातीत नत्र कमी, आणि म्हणून रसातही कमी. यीस्टला वापरता येणारं नत्र तपासून घ्या. ब्रिक्स 24–25 असताना लीटरला 225 ते 250 मिलिग्रॅम लागतं, आणि डोंगरावरच्या रसात ते 140 भरलं तरी नवल नाही. भूक लागलेलं यीस्ट हायड्रोजन सल्फाइड सोडतं, कुजलेल्या अंड्याचा वास येतो, आणि पुढे काम अर्धवट टाकून बसतं.

समजा 100 मिलिग्रॅम कमी पडतं. त्यातलं अर्धं डीएपीने, म्हणजे डायअमोनियम फॉस्फेटने भरा. लीटरला 100 मिलिग्रॅम डीएपी घातलं की नत्र 21 मिलिग्रॅमने वाढतं, म्हणून 50 मिलिग्रॅमसाठी 650 लीटरला 155 ग्रॅम. उरलेलं मृत यीस्टपासून केलेल्या सेंद्रिय खुराकाने, पाकिटावरच्या प्रमाणात. सगळं एकदम देऊ नका. पहिला हप्ता आंबणं नीट सुरू होऊन ब्रिक्स दोन-तीन अंश उतरल्यावर, दुसरा ब्रिक्स 16 च्या आसपास. ब्रिक्स 10 च्या खाली गेल्यावर घातलेलं नत्र यीस्टला फारसं घेता येत नाही. ते मागे उरतं आणि नको त्या जंतूंच्या कामी येतं. सुरुवातीलाच सगळं दिलं तर टाकी एका रात्रीत 35 अंशांवर जाते.

सालींचा थर

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी साली वर येऊन जाड थर बांधतात. त्याच्या आत तापमान खालच्या रसापेक्षा पाच-सहा अंश जास्त असतं, म्हणून थर्मामीटर थरात खुपसून मोजा. थर 28 च्या आसपास हवा, 30 ही सीमा. 33 च्या पुढे यीस्ट धोक्यात.

थर का बुडवायचा? रंगासाठी, उष्णता पसरावी म्हणून, आणि वरचं साल कोरडं पडून त्यावर व्हिनेगरचे जंतू बसू नयेत म्हणून. ब्रिक्स 24 वरून 12 पर्यंत उतरेतो दिवसातून तीनदा थर दांड्याने खाली दाबा. रंगाचा मोठा भाग या काळातच सुटतो. ब्रिक्स 12 झाला की दोनदा. 5 च्या खाली एकदाच, आणि तेही हळू, साली फक्त ओल्या होतील इतपत. आता रसात अल्कोहोल आहे, आता प्रत्येक ढवळणं बियांमधलं काही ना काही ओढून आणतं. सपाटीवरच्या टाकीत या टप्प्याला जोर लावून चालतो, इथे नाही.

जातही बघा. एटनावरचं नेरेल्लो मास्कालेझे किंवा उत्तर इटलीतल्या वाल्तेल्लिनाच्या पायऱ्यांवरचं नेब्बिओलो या द्राक्षांचा तुरटपणा जबर पण रंग मुळातच फिका. काचेत वाइन फिकी दिसते म्हणून त्यांना दिवसातून चारदा ढवळणारा माणूस रंग मिळवत नाही, फक्त कडवटपणा मिळवतो. अर्जेंटिनातल्या मेन्दोसाच्या उको खोऱ्यात 900 मीटरच्या वर पिकणाऱ्या माल्बेकला रंगाची काळजीच नसते.

आंबणं सुरू झाल्यावर रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे थेंबभर रसावरून ब्रिक्स दाखवणारा मापक, कपाटात ठेवून द्या. अल्कोहोलमुळे तो खोटा आकडा दाखवतो. हायड्रोमीटर वापरा, नमुन्यातले बुडबुडे आधी हलवून काढा, आणि बहुतेक हायड्रोमीटर 20 अंशांसाठी आखलेले असतात म्हणून तापमानाची दुरुस्ती करा. सकाळ-संध्याकाळ ब्रिक्स, तापमान, वास, चव लिहा. दिवसाला ब्रिक्स दोन-तीन अंशांनी उतरला तर चाल ठीक. एकापेक्षा कमी झाला की काहीतरी बिनसलंय.

अंड्याचा वास आलाच तर थांबून बघू नका. त्याच दिवशी खालचा रस बादलीत उंचावरून पाडून पुन्हा वर ओता, आणि ब्रिक्स 10 च्या वर असेल तर खुराक द्या. आठवडाभर दुर्लक्ष केलं की तोच वास कांदा आणि रबराकडे जातो, मग तो हवेने जात नाही.

डोंगरात शेवटच्या टप्प्यात आणखी एक गोष्ट होते. ब्रिक्स 3 वर, बाहेर रात्र थंड, टाकी स्वतः उष्णता देईनाशी झालेली. रात्रीत ती 17 अंशांवर येते आणि यीस्ट तळाला बसतं. शेवटचे दोन-तीन दिवस टाकी गोधड्यांनी गुंडाळा, गरम पाण्याचे बंद कॅन आत सोडा, 22 ते 24 अंश धरा. थांबलेलं आंबणं पुन्हा चालू करणं हे न थांबू देण्याच्या दसपट कष्टाचं काम आहे.

एक धोका घरच्या सगळ्यांना आधी समजावून सांगा. एक लीटर रस आंबताना 55 ते 60 लीटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. तो हवेपेक्षा जड, दिसत नाही, जमिनीलगत साचतो. तळघरात, रिकाम्या केलेल्या टाकीत तो राहतोच. मेणबत्ती जळते म्हणून आत जाणं चुकीचं, कारण माणसाला घातक प्रमाण असतानाही ती जळत राहू शकते. गॅस मीटर हवा, पंखा खालच्या पातळीवर हवा, आणि टाकीत एकट्याने उतरायचं नाही. आत कोणी कोसळला तर त्याच्यामागे उडी घेणारा दुसराही जातो, म्हणून आधी हवा खेळवा आणि बाहेरून मदत बोलवा.

कधी आणि किती दाबायचं

सालींवर एकूण 8 ते 12 दिवस पुरतात. नेम तारखेवर नको, तोंडावर ठेवा. ब्रिक्स 5 च्या खाली आला की रोज सकाळी एक घोट घ्या, पाच सेकंद तोंडात फिरवून थुंका. तुरटपणा जिभेच्या मध्यावर राहतो तोवर ठीक. ज्या दिवशी तो हिरड्यांवर आणि ओठांच्या आतल्या बाजूला येऊन कोरडं पाडतो, त्याच दिवशी प्रेस बाहेर काढा, मग ब्रिक्स 1 उरलेला असला तरी चालेल. उरलेली साखर बंद टाकीत संपते.

आधी नळ उघडून आपोआप उतरणारी वाइन काढा. 500 ते 520 लीटर मिळते. मग चोथा प्रेसमध्ये. दाब हळू चढवा, थांबा, पुन्हा चढवा. प्रेसच्या तोटीखाली छोटा पेला धरून दर दहा मिनिटांनी चाखा. सुरुवातीची धार गोल, फळाची चव असलेली. मग एका क्षणी धार बारीक होते, रंग गढूळ, आणि चव एकदम सपाट व कडू लागते, पीएचही चढलेला असतो. तिथे भांडं बदला. दाबाचा काटा तेव्हा बहुधा एक बारच्या आसपास असतो, पण काट्यापेक्षा जीभ खरी. चांगली दाबलेली वाइन 90 ते 100 लीटर निघते. ती वेगळी ठेवा आणि मिसळायचा निर्णय वसंतापर्यंत घेऊ नका. चोथ्यात अजून दहा-वीस लीटर आहे हे माहीत असून प्रेस थांबवणं जिवावर येतं, पण त्या वीस लीटरसाठी सहाशे लीटर बिघडवू नयेत.

हायड्रोमीटरवर घनता 0.995 च्या खाली आणि दोन-तीन दिवस स्थिर असली, साखर लीटरला 2 ग्रॅमच्या आत भरली, की पहिलं आंबणं संपलं. दाबल्यानंतर एक-दोन दिवसांनी तळाचा जाड गाळ सोडून वाइन निथळून घ्या.

दुसरं आंबणं

मॅलिक आम्लाचं लॅक्टिक आम्लात रूपांतर करणारा जंतू म्हणजे ओएनोकोकस ओएनी. त्याला 18 ते 22 अंशांची ऊब लागते, पीएच 3.2 च्या वर लागतो आणि सल्फाइट अजिबात सोसत नाही, म्हणून या काळात केएमएसच्या डब्याला हात लावू नका. डोंगरी वाइनमध्ये मॅलिक जास्त आणि तळघर हिवाळ्यात थंडगार, म्हणजे काम जास्त आणि सोय कमी. बॅरल उबदार खोलीत ठेवा. तीन ते आठ आठवडे लागतात. बुडबुडे थांबले म्हणजे संपलं असं समजू नका. कागदी क्रोमॅटोग्राफीवर, म्हणजे कागदावर आम्लांचे ठिपके वेगळे करून दाखवणाऱ्या चाचणीत, मॅलिकचा ठिपका नाहीसा झालेला दिसला पाहिजे. अर्धवट राहिलं तर ते पुढच्या उन्हाळ्यात बाटलीत सुरू होतं आणि बुचं वर येतात.

संपलं की वाइन निथळून 225 लीटरच्या प्रत्येक बॅरलला 24 ग्रॅम केएमएस द्या. लीटरला 60 मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड होतो, त्यातला निम्मा वाइनमधल्या इतर पदार्थांशी बांधला जातो, उरतो तो मोकळा. पीएच या काळात 0.1 ते 0.3 ने चढलेला असतो, आणि मोकळं सल्फाइट किती हवं ते पीएचवर ठरतं: 3.4 ला 20, 3.5 ला 25, 3.6 ला 31, 3.7 ला 39, 3.8 ला 49 मिलिग्रॅम. पीएच दोन दशांशांनी चढला की गरज दीडपटीच्या वर जाते, म्हणून मीटर दर वेळी प्रमाणित करून घ्या.

बॅरलमधले महिने

दोन बॅरलांपैकी एक नवं, एक वापरलेलं, एवढंच बरं. नव्या लाकडाचा स्वतःचा तुरटपणा असतो आणि या वाइनला तो फारसा नको आहे. नव्या बॅरलमध्ये 15–20 लीटर गरम पाणी घालून फिरवा, दोन्ही तोंडांवर उभं करा, गळती थांबेपर्यंत फुगू द्या.

बॅरलमधून वर्षाला चारेक टक्के वाइन उडून जाते, म्हणजे महिन्याला पाऊण लीटरच्या आसपास. दर दोन-तीन आठवड्यांनी बॅरल तोंडापर्यंत भरा. बाजूला ठेवलेले 50 आणि 20 लीटरचे डबे त्यासाठीच आहेत. डबा एकदा उघडला की उरलेली वाइन लहान डब्यात ओतून तो काठोकाठ भरायचा, अर्धा डबा ठेवायचा नाही. रिकाम्या जागेत हवा, हवेत व्हिनेगरचे जंतू, ही साखळी इथेच तुटते. घोड्याच्या तबेल्याचा किंवा जखमेवरच्या चिकटपट्टीचा वास आला तर ते ब्रेटानोमायसिस नावाचं वाइन बिघडवणारं यीस्ट आहे. ते बॅरल वेगळं काढा, त्यातली नळी दुसरीकडे वापरू नका, आणि सल्फाइट मोजा. बहुधा कमीच निघतं.

सहा महिन्यांनी एकदा निथळा, मग 12 ते 18 महिने शांत राहू द्या. एवढ्यानंतरही तुरटपणा टोचत असेल तर अंड्याचा पांढरा: बॅरलला दोन ते चार अंडी, चिमूटभर मीठ आणि थोडं पाणी घालून फेस न आणता ढवळायचं, वाइनमध्ये मिसळायचं, दोन-तीन आठवड्यांनी निथळायचं. आधी एक-एक लीटरच्या तीन बाटल्यांत वेगवेगळं प्रमाण करून चाखा. अंडं वापरल्याचं लेबलवर लिहावं लागतं का, ते आपल्या देशाच्या नियमांत पाहा. विक्रीचा परवाना त्याच नियमांतला, आणि तो तोडणीच्या आधी हातात हवा.

बाटली

दोन्ही बॅरल आणि ठेवलाच असेल तर दाबलेल्या वाइनचा निवडलेला भाग टाकीत एकत्र करा, मोकळं सल्फाइट पीएचच्या हिशेबाने 30 च्या आसपास आणा, एक दिवस थांबून पुन्हा मोजा. गाळ आणि बाष्पीभवन वजा जाता 565 लीटर हातात राहतात, त्यांच्या 750 मिलिलीटरच्या साधारण 750 बाटल्या. नळी बाटलीच्या तळापर्यंत सोडा म्हणजे वाइन हवेतून पडणार नाही. बूच बसवल्यावर बाटल्या एक दिवस उभ्या ठेवा, मग आडव्या, 12 ते 15 अंशांच्या अंधाऱ्या खोलीत. पेट्यांवर भरण्याच्या क्रमाने आकडे टाका.

सहा आठवडे एकही उघडू नका, हलवाहलवीने वाइनचा वास मिटलेला असतो. मग पहिल्या पेटीतली एक आणि शेवटच्या पेटीतली एक अशा दोन शेजारी ठेवून उघडा. शेवटचीचा रंग विटेकडे झुकलेला आणि वास मंद वाटला, तर टाकी रिकामी होत असताना वाइनला हवा लागली आहे. त्या शेवटच्या पेट्या आधी संपवा, साठवायला पहिल्या ठेवा.